विश्लेषण : सोनोग्राफी ‘नॉर्मल’, तरी पाळीत असह्य वेदना? काय असतो एंडोमेट्रिओसिस?

‘सगळ्यांनाच दुखते’, ‘लग्न झाले की थांबेल’... पाळीतल्या पोटदुखीवर ही उत्तरे बहुतेक मुलींनी ऐकलेली असतात. थोडेफार दुखणे स्वाभाविक आहे. पण दर महिन्याला कॉलेज किंवा ऑफिस बुडत असेल आणि नेहमीच्या गोळीनेही फरक पडत नसेल, तर त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जगभरात प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटी महिला आणि मुलींना हा आजार आहे. तरीही निदान व्हायला अनेकदा काही वर्षे जातात.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे काय?
गर्भाशयाचे आतले अस्तर दर महिन्याला जाड होते आणि गर्भधारणा न झाल्यास पाळीवाटे बाहेर पडते. याच अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. बीजकोश, बीजवाहिन्या, ओटीपोटाचे आतील आवरण, मूत्राशय, आतडे आणि क्वचित छातीतही त्या आढळतात.

शरीरात काय घडते?
या पेशींनाही इस्ट्रोजेन हे संप्रेरक खतपाणी घालते. त्यांच्यातून रक्तस्राव झाला, तर त्याला बाहेर पडायला वाट नसते. आसपास सूज येते, व्रण होतात, कधी अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुने रक्त साठून झालेल्या गाठीला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात.

त्रास फक्त पाळीतच होतो का?
नाही. शौचाला किंवा लघवीला जाताना, शरीरसंबंधांवेळी दुखणे, पोट फुगणे, सततचा थकवा हीदेखील लक्षणे आहेत. त्यामुळे अनेकींवर आधी पचनाचेच उपचार होत राहतात. विशेष म्हणजे, वेदना आणि आजाराची व्याप्ती यांचा मेळ बसतोच असे नाही. आजार थोडा असूनही दुखणे असह्य असू शकते, तर कुणाला फारसे दुखतही नाही.

सोनोग्राफीत सगळे दिसते का?
चॉकलेट सिस्ट दिसते; पण आवरणावरचे बारीक ठिपके सहसा दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी आजार नाही, असे ठरत नाही. पूर्वी खात्रीसाठी दुर्बिणीद्वारे तपासणी आवश्यक मानली जाई. ‘एश्रे’ या युरोपीय वैद्यकीय संघटनेच्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनी मात्र लक्षणांवरून आधी औषधे सुरू करण्याचा पर्याय खुला ठेवला आहे.

मूल होण्यात अडचण येते का?
येऊ शकते, पण अनेकींना नैसर्गिकरीत्याही गर्भधारणा होते. मूल हवे आहे की नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. उपचार त्यावरून ठरतात.

उपचार कोणते?
आजार कायमचा बरा करणारे औषध अद्याप नाही. वेदनाशामके, संप्रेरकांच्या गोळ्या, संप्रेरकयुक्त तांबी आणि गरजेनुसार दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया, हे पर्याय आहेत. शस्त्रक्रियेनंतरही त्रास परतू शकतो. गर्भाशय काढले की सगळे संपले, हाही समज चुकीचा आहे.

डॉक्टरांना काय सांगावे?
दोन-तीन महिने मोबाइलमध्ये नोंद ठेवा : कोणत्या दिवशी, कुठे दुखले, किती गोळ्या घेतल्या, कोणते काम बुडाले. ‘खूप दुखते’ यापेक्षा ‘दर महिन्याला दोन दिवस उठता येत नाही’ हे वाक्य निदानाला अधिक उपयोगी पडते.