जोत्याचा फोटो

जोतं बांधून झालं की काम थांबतं. मिस्त्री थापी धुऊन ठेवतो, रेजा, म्हणजे हाताखालची मजूर बाई, घमेलं उलटं टाकून त्यावर बसते आणि घरची बाई पंचायत समितीतल्या इंजिनिअरला फोन लावते. हा इंजिनिअर म्हणजे ग्रामीण गृहनिर्माण अभियंता. नोकरी कंत्राटी, गावं ढीगभर आणि गाडी स्वतःची. तो आला, बाईला जोत्याजवळ उभं केलं, मोबाइलमध्ये फोटो काढला, फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले गेले, की घरकुलाच्या पुढच्या हप्त्याची वाट मोकळी. याला सगळे जिओ टॅग म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात ज्या गावात मी हे बघत होतो, तिथली चुलीपुढं बसलेली आजीसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच विचारत होती, ‘टॅग झाला का गा?’

टॅग झाला म्हणून पैसे आले असं नाही. फोटो चढायला रेंज लागते, ती बहुधा गावाबाहेरच्या एखाद्या टेकाडावर सापडते. मग तालुक्याहून एफटीओ निघावा लागतो, म्हणजे खात्यात रक्कम टाकण्याचा ऑनलाइन आदेश. मग आधारला कोणतं खातं जोडलंय ते निघतं. हे दर वेळी वेगळंच निघतं, असं बँक मित्राकडं अंगठा लावायला रांगेत उभी असलेली माणसं सांगतात.

घरकुलाचा हिशेब कागदावर सोपा आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली आली. सपाट प्रदेशात घरामागं १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. गडचिरोली दुसऱ्या गटात मोडतो. घर निदान २५ चौरस मीटरचं हवं, म्हणजे २६९ चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. शौचालयाचे १२ हजार वेगळे. रोजगार हमीतून स्वतःच्याच घरावर राबल्याची ९० ते ९५ दिवसांची मजुरी वेगळी. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं ९५ दिवसांचे २९ हजार ६४० होतात. राज्य सरकारनं २०२५ मध्ये आणखी ५० हजार जाहीर केले, त्यातले १५ हजार छपरावरच्या सौर पॅनेलसाठी. शिवाय पाच ब्रास रेती फुकट. आदिवासींसाठी शबरी आवास आहे, अनुसूचित जातींसाठी रमाई. गडचिरोलीतले माडिया आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीकडचे कोलाम यांच्यासाठी २०२३ पासून पीएम जनमन आहे, त्यात दोन लाख मिळतात.

हे सगळं मिळतं, पण कधी मिळतं हा खरा प्रश्न. १ लाख २० हजारांची महाराष्ट्रातली फोड साधारण अशी: मंजुरीबरोबर १५ हजार, मग ७० हजार, मग ३० हजार, आणि घर पुरं झाल्यावर शेवटचे ५ हजार. मोठी रक्कम जोत्याच्या फोटोनंतर. आणि जोतं १५ हजारांत होत नाही. खोदाई, गिट्टी, लोह्याची पहिली खेप, एवढ्यातच तो हप्ता जिरतो. विटा आणायच्या, मुरूम भरायचा, मिस्त्रीला आठवड्याच्या बाजारापुरते तरी पैसे द्यायचे, हे सगळं बाईनं आपल्या पदरचं घालायचं, मग सरकार तिला पैसे देणार. योजनेच्या कोणत्याही कागदावर ‘लाभार्थ्याचा हिस्सा’ अशी ओळ नाही. प्रत्यक्षात तो हिस्सा सगळ्यांत आधी लागतो.

मिस्त्री वडसा भागातला. घरकुलांसाठी सरकार गवंड्यांना ४५ दिवसांचं प्रशिक्षण देतं, ते त्यानं केलंय, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत गाडीच्या डिकीत असतं. आखणी करताना तो गुण्या वापरत नाही. कोपऱ्यावर खुंटी ठोकतो, एका बाजूला तीन फूट मोजतो, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरका टेप पाच फुटांवर येईपर्यंत दुसरी खुंटी इकडं-तिकडं सरकवत राहतो. पाच जुळले की दोरी ताणून चुना सोडतो. पातळी घ्यायला पारदर्शक नळी, त्यात पाणी. एक टोक रेजेच्या हातात, एक त्याच्या. पाणी थरथरायचं थांबेपर्यंत दोघंही बोलत नाहीत. आपल्याकडच्या शहरी बांधकामांवर लेझरची लाल रेघ मारणारी यंत्रं आलीत. या नळीनं घेतलेली पातळी त्यापेक्षा कमी पडते असं मला तरी वाटलं नाही.

वाद झाला तो जोत्याच्या उंचीवर. मिस्त्रीनं दीड फूट धरलं होतं. बाई म्हणाली, अडीच पाहिजे.

‘वहिनी, नकाशात दीडच हाय.’

‘नकाशाले पाणी लागत नाही. मले लागते. रस्ता पाह्यला का?’

रस्ता मी पाहिला. गावातला सिमेंटचा रस्ता दुरुस्तीच्या दर खेपेला जुन्यावरच नवा थर घेऊन वर आलेला. जुनी मातीची घरं आता रस्त्याच्या खाली, पावसाळ्यात दारातून पाणी थेट ओसरीत. बाईचं म्हणणं बिनतोड होतं. पण एक फूट जोतं वाढवायचं म्हणजे २६९ चौरस फुटांत जवळजवळ पावणेतीन ब्रास भरण. भिंतींची जाडी वजा केली तरी दोन ब्रासच्या वर मुरूम. वर चारी बाजूंनी विटांचे चार थर. हप्ता मात्र तेवढाच; उंच जोत्याचा फोटो आणि ठेंगण्या जोत्याचा फोटो यांची किंमत एकच. अखेर दोन फुटांवर तोडगा निघाला आणि वरच्या अर्ध्या फुटाचा मुरूम बाईच्या दिरानं तळ्याच्या पाळीकडून बैलबंडीनं आणून टाकला. असा तोडगा इंजिनिअरच्या अंदाजपत्रकात कुठं दिसत नाही. झाडीपट्टीतल्या घरकुलांत तो जागोजागी पुरलेला आहे.

जोत्यावर भिंती चढतात त्या भराभर. दारा-खिडक्यांच्या डोक्यावर लिंटेल पडलं की पुन्हा फोटो, पुन्हा थांबणं. त्यात फारसं सांगण्यासारखं नाही. खरा दिवस स्लॅबचा. त्याआधी सेंट्रिंगच्या पाट्या आणि मिक्सर भाड्यानं आणावे लागतात, त्यांचं भाडं चालू राहतं, म्हणून स्लॅब पुढं ढकलता येत नाही. तिसरा हप्ता आला असो वा नसो. एवढ्याशा घराच्या चार इंची स्लॅबला वीस-बावीस पोती सिमेंट लागतं. ते एकाच दिवशी हजर हवं. कोरपना तालुक्यातून, घुग्घुसहून देशभर सिमेंट जातं. त्याच कारखान्यांचं पोतं एटापल्लीच्या आत पोचेपर्यंत त्यावर गाडीभाडं किती चढतं, हे त्या दिवशी कळतं. स्लॅबला गावातली माणसं बोलवावी लागत नाहीत. घमेल्यांची साखळी लागते, दुपारी भात आणि वांग्याची भाजी. मग निदान आठ-दहा दिवस पाणी. स्लॅबवर मातीच्या पाळी घालून लहान लहान बांध्या करतात आणि त्यात पाणी तुंबवतात. धान पिकवणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

आता या सगळ्याला वर्षाचं गणित लावून बघा. जूनपासून धानाची धावपळ. पावसाळ्यात रेतीघाट बंद, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, सिमेंटची पोती घरात दगड होतात. म्हणजे बांधकामाला डिसेंबर ते मे एवढेच महिने. त्यातही कापणी-मळणी उरकून धान आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर गेलं तरी चुकारे हातात यायला वेळ लागतो. फेब्रुवारी लागला की घरंच्या घरं तेलंगणात मिरची तोडायला जातात, कारण तिथं मजुरी आठवड्याला हातात पडते. रोजगार हमीचं मस्टर इकडं त्यांच्या नावानं निघालेलं असतं आणि घरावर कोणी नसतं. मार्च-एप्रिल मोहाचा. मे महिन्यात तेंदूपत्ता. मे-जूनच्या सांध्यावर पैसा आणि माणसं एकदाची गावात एकत्र येतात, तेव्हा ढग दिसायला लागलेले असतात. जिल्हा परिषदेच्या आढाव्यात ‘अपूर्ण घरकुलं’ म्हणून जो आकडा वाचला जातो, त्यातली पुष्कळ घरं नुसती मिरचीहून परत यायची वाट बघत असतात. लाभार्थी उदासीन आहेत, असा शेरा मी एका फाइलवर वाचला. तो लिहिणाऱ्यानं एकदा एप्रिलमध्ये तिथं जाऊन यावं.

चंद्रपूर शहरात शिक्षक किंवा कोळसा खाणीतला कामगार घर बांधतो तेव्हाही पैसे टप्प्यानंच मिळतात. बँकेचा मूल्यांकन करणारा येतो, जोतं बघतो, स्लॅब बघतो, तेवढी रक्कम सोडतो. फरक इतकाच की बँक आधीच सांगते, पंधरा-वीस टक्के मार्जिन तुमचं. ते आधी घाला. सोडलेल्या रकमेवर प्री-ईएमआय, म्हणजे नुसत्या व्याजाचा हप्ता, सुरू होतो, सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा चढतो, आणि त्या बदल्यात माणसाला पुढच्या महिन्यात किती पैसे येणार हे ठाऊक असतं. गडचिरोलीच्या आत हे चालत नाही. गावठाणातल्या घराला असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीचा उतारा. मालकीचा दाखला म्हणून बँक तो मानत नाही. शेतजमीन आदिवासीची असेल तर १९६६ च्या महसूल संहितेनुसार ती बिगर आदिवासीकडं सहजासहजी जाऊ शकत नाही. हे संरक्षण हवंच, पण वसुलीला विकता न येणारं तारण बँकेला तारण वाटत नाही. घरकुल योजनेत लाभार्थ्याला ७० हजारांपर्यंत कर्ज मिळवून द्यावं अशी तरतूद आहे. मी विचारलं त्यांपैकी कोणालाही ती माहीत नव्हती. बचत गटाचं कर्ज मात्र प्रत्येक बाईला माहीत होतं. जिवतीत तर त्याही आधीचा पेच: वनजमिनीच्या वादात वस्तीच अडकलेली, तेव्हा घर कुठल्या जागेवर मंजूर करायचं? जागा नसलेल्यांना पंडित दीनदयाळ योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला पैसे मिळतात, पण विकत द्यायला कोणाच्या तरी नावाची जागा असावी लागते.

एवढा खटाटोप करून लोकांना स्लॅबचं घर हवं का, हा शहरातून येणाऱ्यांचा आवडता प्रश्न. कुडाच्या भिंती, मातीचा गिलावा, वर कवेलू. असं घर उन्हाळ्यात थंड, बांबू निस्ताराचा, माती परसातली. हे सगळं खरं आहे. पण कवेलू घडवणारा कुंभार आता जवळ नाही, माकडं कवेलू फोडतात, आढ्यासाठी लाकूड तोडायचं म्हणजे परवानगीचा फेरा. आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात आला, तेव्हापासून कुरखेडा-कोरचीकडच्या बाईला भिंत कशाची हवी हे विचारायची सोय उरलेली नाही. घरात मोहफूल साठवलेलं असलं की हत्ती कुडाची भिंत सोंडेनं आत ढकलतो.

तरी धानोऱ्याच्या त्या बाईनं शेवटचा फोटो निघाल्यावर स्लॅबच्या मागं कुडाची एक खोली उभी केलीच. चूल तिथंच, मोहाच्या टोपल्या तिथंच, मे महिन्यातलं दुपारचं झोपणंही तिथंच. घरकुलातला ‘स्वयंपाकाचा भाग’ फोटोपुरता होता. त्यात आता धानाची पोती आहेत.

मिस्त्रीची बाकी आणि दुकानाची उधारी दोन्ही त्या शेवटच्या फोटोनंतरही राहिल्या. शेवटचे ५ हजार त्याला पुरणारे नव्हतेच. तालुक्याच्या ठिकाणच्या लोहा-सिमेंटच्या दुकानात मी थोडा वेळ बसलो होतो. दुकानदाराकडं वहीत गावागणिक पानं आहेत. उधारी देताना तो घरकुलाचं मंजुरीपत्र बघतो, पण नुसतं त्यावर जात नाही; गावाच्या तेंदूचाही हिशेब धरतो. इथल्या बऱ्याच ग्रामसभा पेसा कायद्याखाली तेंदूचा लिलाव आपल्या आपण करतात. सत्तर पानांचा एक पुडका, हजार पुडक्यांची एक गोणी, आणि गोणीला ठरलेला दर. तोडाईची मजुरी लवकर मिळते, रॉयल्टीचे पैसे मागाहून येतात. दुकानदाराला आसपासच्या सगळ्या गावांचे दर तोंडपाठ होते, कोणत्या ठेकेदारानं कोणत्या ग्रामसभेचे पैसे थकवलेत तेही. मी बसलो असतानाच एक जण मंजुरीपत्राची झेरॉक्स घेऊन आला आणि चाळीस पोती सिमेंट मागू लागला. दुकानदारानं झेरॉक्स उलटीसुलटी केली, गावाचं नाव विचारलं आणि म्हणाला, ‘तुमच्याकडं यंदा गोणी स्वस्तात गेली ना जी? पंधरा न्या. बाकीची रॉयल्टी पडल्यावर.’