खडकात कोरलेले घर

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी बोरघाट चढू लागली म्हणजे एकामागून एक बोगद्यांत शिरते. घाटातील हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचे बोगदे खोदताना सुरुंगाची दारू हाताशी होती. खडक फुटून वाट झाली की काम साधत असे. पण लोणावळ्याच्या पुढे मळवली स्थानकावर उतरलात, तर उत्तरेस कार्ले व दक्षिणेस भाजे येथील डोंगरांत खोदकामाचा निराळाच प्रकार तुमच्या दृष्टीस पडेल. तेथे कारागिरांनी खडक नुसता फोडलेला नाही. त्यातून घर घडविले आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्याची लांबी सुमारे १२४ फूट व उंची सुमारे ४५ फूट आहे. आत सदतीस खांब आहेत. हे प्रचंड खांब तेथे कोणी आणून उभे केले, असा प्रश्न तुम्हांला पडेल. खरे पाहता ते कोणी उभे केलेच नाहीत. सभोवारचा खडक काढून टाकला आणि खांबांपुरता तेवढा शिल्लक ठेवला!

सह्याद्रीचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस थिजून बनला. तो अतिशय कठीण आहे. छिन्नी आणि हातोडा घेऊन पाथरवट त्याला भिडले. हे काम कसे चाले, ते अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांवरून कळते. अजिंठ्याचे चोविसावे लेणे असेच अर्धवट आहे. प्रथम खडकात खोल चर खणावयाचे आणि मग दोन चरांमधील भिंत फोडून काढावयाची, अशी रीत होती. काम वरून खाली येई. आधी छत, मग खांबांचे माथे आणि सर्वांत शेवटी जमीन. छत कोरले जात असताना जमीन कित्येक फूट खाली खडकात दडलेलीच असे!

भिंत बांधताना एखादा दगड चुकला तर गवंडी तो काढून दुसरा बसवितो. लेण्यात तशी सोय नाही. तुटलेला तुकडा पुन्हा जोडता येत नाही. म्हणून पहिला घाव घालण्यापूर्वीच खांब, कमानी, स्तूप, सर्व काही कारागिराच्या मनात स्पष्ट उभे असावे लागे. बळापेक्षा विचार आणि संयम यांचीच येथे खरी कसोटी होती.

कार्ल्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत दानलेख कोरलेले आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले, असे एक लेख सांगतो. धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने दार घडविले, असे दुसरा लेख सांगतो. धनिकाच्या नावाबरोबर कारागिराचे नावही तेथे टिकून राहिले आहे.

हल्ली काही प्रेक्षक अशा लेण्यांवर खिळ्याने आपली नावे खरडतात. मुलांनो, खडकाचा नियम त्यांनाही लागू आहे. तेथे ओढलेली रेघ कधीच पुसता येत नाही. ज्या हातांनी दोन हजार वर्षांपूर्वी प्रत्येक घाव जपून घातला, त्यांच्या कामावर आपण अविचाराने एकही ओरखडा उमटवू नये.