ट्रॉली व अवजारे जोडताना कमरेचे रक्षण

बैलाचा खांदा सुजला तर जाणता शेतकरी त्याला जुवाला लावीत नाही. खांदा शेकतो, तेल-हळद लावतो, दोन दिवस विश्रांती देतो. कारण खांदा गेला तर बैल गेला, हे तो ओळखून असतो. त्याच शेतकऱ्याच्या स्वतःच्या कमरेत उसण भरली, तर मात्र तो कंबर आवळून पुन्हा कामाला लागतो. दुखणे वाढत जाते, आणि नेमका वाफसा आला असता तो अंथरुणावर असतो. वाफसा कोणासाठी थांबत नाही. पेरणी आठ दिवस मागे पडली, तर वर्षभराचे उत्पन्न घटते. म्हणून कंबर हे शेतीचे पहिले अवजार समजून तिचे रक्षण केले पाहिजे.

ट्रॅक्टर आल्यापासून शेतातील पुष्कळसे कष्ट कमी झाले, हे खरे आहे. परंतु ट्रॅक्टरला ट्रॉली किंवा अवजार जोडण्याचे काम अनेक ठिकाणी अजून अंगबळानेच केले जाते. ट्रॉलीच्या पुढच्या दांडीला लोखंडी कडी असते. ती कडी ट्रॅक्टरच्या मागील हुकात बसवून त्यातून खीळ, म्हणजे पिन, घालावी लागते. कडी हुकाच्या खाली राहिली की दोघे-तिघे वाकून दांडी उचलतात. बाजूला राहिली की पाय रोवून ती खेचतात. काम दोन मिनिटांचे असते, पण कमरेची इजा बहुधा अशा दोन मिनिटांतच होते.

कंबर का दुखावते?

पाठीचा कणा मणक्यांचा बनलेला आहे. कमरेच्या भागात पाच मणके असून दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. या गादीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे असते आणि आत मऊ गर असतो. मनुष्य कमरेतून पुढे वाकला की गादीची पुढील बाजू दाबली जाते व आतील गर मागे सरकू पाहतो. त्याच वेळी जड वजन उचलले, आणि त्यातच अंगाला पीळ दिला, तर मागील तंतूंवर मोठा ताण येतो. असे वारंवार घडले म्हणजे कडे कमकुवत होते. गर बाहेर येऊन त्याने शिरेवर दाब दिला, तर कळ कमरेतून पायापर्यंत उतरते.

यामागील हिशेब तराजूसारखाच आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या गादीपासून सुमारे 5 सेंटिमीटर मागे असतात. हातातील वजन मात्र त्याच्या कितीतरी पुढे असते. समजा, 30 किलो वजनाची वस्तू कमरेपासून 50 सेंटिमीटर पुढे धरली. तिला तोलण्यासाठी स्नायूंना दहापट, म्हणजे 300 किलो, जोर लावावा लागतो. तीच वस्तू 25 सेंटिमीटर अंतरावर आणली, तर 150 किलो जोर पुरतो. वाकलेल्या धडाचे वजन तोलण्याचा भार यात धरलेलाच नाही. तो वेगळा पडतो. यावरून असे दिसते की, वस्तू किती जड आहे याइतकेच ती अंगापासून किती दूर आहे यालाही महत्त्व आहे. दांडी उचलताना मनुष्य दुरून वाकून हात पुढे करतो; म्हणूनच ती तिच्या वजनाहून अधिक भारी पडते.

दांडी जड का होते?

बैलगाडी भरण्याचे ज्ञान ज्या घरांत आहे, तेथे हा भाग समजावून सांगण्याची गरज नाही. माल पुढे अधिक झाला की गाडी धुरजड होते व बैलांच्या मानेवर भार येतो; मागे अधिक झाला की गाडी उलाळ होते व जू वर उचलले जाते. दोन चाकांच्या ट्रॉलीलाही हाच नियम लागू आहे.

उदाहरणार्थ, ट्रॉलीत 3,000 किलो माल असून आसापासून कडीपर्यंतचे अंतर 3 मीटर आहे, असे समजू. मालाच्या भाराचा मध्य आसाच्या 30 सेंटिमीटर पुढे असेल, तर केवळ मालामुळे दांडीच्या टोकावर 300 किलो भार येतो. तो मध्य 5 सेंटिमीटर पुढे असेल, तर हाच भार 50 किलो राहतो. मध्य आसाच्या 20 सेंटिमीटर मागे गेला, तर 200 किलोंचा जोर दांडीला वर उचलू लागतो. अशा ट्रॉलीची खीळ काढताच दांडी उसळते आणि वाकलेल्या माणसाच्या छातीवर किंवा जबड्यावर आदळते. म्हणून माल मागे कलता भरू नये. ट्रॉली वाटेवर स्थिर चालण्यासाठी दांडीवर थोडा भार असणे आवश्यकच आहे. तो भार माणसाने उचलावयाचा नसून जॅकने किंवा टेकूने तोलावयाचा आहे, एवढेच लक्षात ठेवावे.

ट्रॉली जोडण्याची रीत

या सर्व कामाचे सूत्र एकच आहे: ट्रॅक्टर दांडीकडे न्यावा, दांडी ट्रॅक्टरकडे ओढू नये. ट्रॅक्टर मागे-पुढे करण्यास थोडे इंधन व थोडा वेळ लागतो. कमरेच्या दुखण्यास त्याहून पुष्कळ अधिक खर्च येतो.

ट्रॉली नेहमी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी. चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावावेत. दांडीखाली जॅक ठेवून तिची उंची हुकाच्या उंचीइतकी करावी. काळ्या जमिनीत जॅक रुततो, म्हणून त्याच्या खाली रुंद व जाड फळी घालावी. एकदा योग्य उंची साधली की जॅकवर रंगाची खूण करून ठेवावी. पुढील वेळी अंदाज घ्यावा लागत नाही. दांडीला कायमचा फिरकीचा जॅक बसवून घेतला, तर त्याहून उत्तम.

चालकाने ट्रॅक्टर सावकाश मागे आणावा. त्या वेळी ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. खूण करणाऱ्याने बाजूला, चालकाला स्पष्ट दिसेल अशा जागी थांबावे. हूक कडीसमोर आला म्हणजे इंजिन बंद करून हातब्रेक लावावा, आणि मगच पिन घालण्यास मध्ये जावे. पिनला वरून क्लिप लावण्यास विसरू नये. पिन अडकली तर वाकून हिसके देऊ नयेत. हिसक्यानेच उसण भरते. मध्ये गेलेल्या माणसाने बाहेर यावे, चालकाने ट्रॅक्टर किंचित हलवावा. ताण सैल झाला की पिन सहज निघते. पिन व कडी यांना वेळोवेळी ग्रीस लावल्यास हा त्रास बहुतांशी टळतो.

जॅक नसेल तेव्हा रिकाम्या ट्रॉलीच्या दांडीसाठी पहार उपयोगी पडते. दीड मीटर लांबीची पहार घेऊन वजनाकडील टोकापासून 15 सेंटिमीटरवर तिला भक्कम टेकू दिला, तर दुसऱ्या टोकावर 10 किलो दाब दिल्याने 90 किलो वजन उचलले जाते. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी दांडीखाली ओंडका सरकवावा. हात मात्र दांडीखाली घालू नये, ओंडका लांबून ढकलावा. भरलेल्या ट्रॉलीसाठी पहार वापरू नये; तेथे पुरेशा क्षमतेचा जॅकच हवा.

तीन सांध्यांची अवजारे

नांगर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर ही अवजारे ट्रॅक्टरच्या मागील तीन सांध्यांना जोडतात. हॅरी फर्ग्युसन यांची ही जोडणी 1939 साली फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर रूढ झाली. अवजार उचलण्याचे काम माणसाने नव्हे, तेलाच्या दाबाने व्हावे, हाच या रचनेचा मुख्य लाभ होय. मध्यम ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर बहुधा 300 किलोंहून अधिक वजनाचा असतो. तो ढकलून किंवा पहारीने सरकवून सांध्याशी जुळवण्याचा प्रयत्न करणे म्हणजे हा लाभ वाया घालविणे होय.

ट्रॅक्टर अवजाराच्या अगदी मध्यावर सरळ मागे आणावा. इंजिन बंद करून प्रथम डावा खालचा हात जोडावा. नंतर उजवा हात त्याच्या फिरकीने वर-खाली करून जोडावा, आणि शेवटी वरचा दांडा त्याची लांबी कमी-अधिक करून बसवावा. सोडताना अवजार जमिनीवर टेकवून हाच क्रम उलट करावा. जोडणी जुळत नसेल, तर ट्रॅक्टर पुढे घेऊन पुन्हा मागे आणावा. त्यात कमीपणा नाही.

पुढची जोडणी सोपी की अवघड, हे अवजार सोडतानाच ठरते. ते बांधावर, झाडाच्या मुळांवर किंवा भिंतीला खेटून ठेवले, की पुढील वेळी ओढाताण ठरलेली. ते सपाट जागी, लाकडी ठोकळ्यांवर आणि मागे ट्रॅक्टर येण्यास मोकळी वाट राहील अशा रीतीने ठेवावे.

उचलणे भागच पडले तर

सर्व उपाय करूनही काही वस्तू हाताने उचलाव्याच लागतात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1991 साली ठरविलेल्या सूत्राप्रमाणे, वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर व धरण्यास सोयीची असतानाही 23 किलोंची मर्यादा धरली आहे. जमिनीवरून किंवा दुरून उचलताना ती आणखी खाली येते. आपल्याकडील युरियाची गोणीच 45 किलोंची असते. यावरून एकट्याने किती उचलावे याचा विचार ज्याने त्याने करावा.

उचलताना पाय खांद्यांइतके फाकवून एक पाऊल थोडे पुढे ठेवावे. गुडघे व खुबे यांतून खाली बसावे, वस्तू पोटाशी घ्यावी आणि पायांच्या बळावर सावकाश उठावे. वळायचे असल्यास कंबर न पिळता पावले वळवावीत. दोघांनी उचलायचे असेल, तर एकानेच इशारा द्यावा, म्हणजे एकाच्या अंगावर सर्व भार पडत नाही. तासन्‌तास ट्रॅक्टरवर बसून उतरल्यावर लगेच वजन उचलू नये. पाच मिनिटे चालावे. पहाटे उठल्याबरोबर वाकून जड काम करणेही टाळावे, कारण रात्रीच्या विश्रांतीत मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात व वाकताना त्यांवर अधिक ताण येतो. कमरेला पट्टा बांधल्याने निरोगी माणसाची इजा टळते असे सिद्ध झालेले नाही. पट्ट्याच्या भरवशावर अधिक वजन उचलू नये.

कंबर दुखावल्यास

उसण भरल्यास जड काम थांबवावे. परंतु आठवडाभर अंथरुणाला खिळून राहणे हितकारक नाही. सोसवेल इतके चालत-फिरत राहिल्याने बहुतेक दुखणी काही आठवड्यांत बरी होतात. कंबर तुडवून घेणे किंवा मणका बसवून घेणे यांच्या नादी लागू नये. कळ पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. पायांतील शक्ती जाणे, जांघेचा भाग बधिर होणे, लघवी अडणे किंवा तिच्यावर ताबा न राहणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी क्षणाचाही विलंब न करता मोठ्या रुग्णालयात न्यावे. उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते.

ग्रामसेवकांनी काय करावे?

नुसत्या उपदेशाने सवयी बदलत नाहीत, म्हणून प्रात्यक्षिक दाखवावे. पाण्याने भरलेली दहा लिटरची बादली एखाद्या तरुणास प्रथम पोटाशी व नंतर हात लांब करून धरावयास सांगावी; अंतराचा परिणाम त्याला शब्दांवाचून कळेल. नंतर रिकाम्या ट्रॉलीची चाके ठोकळ्यांनी अडवून तिची दांडी जॅकच्या साहाय्याने पुरेशा क्षमतेच्या तोलकाट्यावर टेकवावी व भरणारे वजन सर्वांना वाचून दाखवावे. आपण रोज काय उचलतो, हे पुष्कळांना तेव्हा प्रथमच समजेल. गावातील लोहाराकडून दांडीला जॅक बसवून घेण्यास लोकांना प्रवृत्त करावे.

आणखी एक गोष्ट ट्रॅक्टरमालकांना आवर्जून सांगावी. दांडी उचलण्यास बहुधा सालगडी किंवा रोजंदारीचा मजूर पुढे केला जातो. काम जड आहे असे तो म्हणत नाही, कारण उद्याची मजुरी त्याला हवी असते. त्याची कंबर गेली, तर त्याच्या घरची चूल थंड पडते. म्हणून जॅक, ठोकळे व फळी ही साधने ट्रॅक्टरसोबत ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. इंधनाची टाकी भरल्याशिवाय जसा ट्रॅक्टर शेतात जात नाही, तशीच ही साधने बरोबर घेतल्याशिवाय तो घराबाहेर पडू नये.