अ‍ॅकॉर्डियन घेताना आधी भाता पाहा

दुकानात नुसता आवाज ऐकून अ‍ॅकॉर्डियन निवडायला गेलात तर बहुधा डिजिटल जिंकेल. एक बटण दाबलं की पॅरिसचा लहरता सूर, दुसरं दाबलं की चर्चचा ऑर्गन. पण रीडच्या आणि डिजिटल वाद्यातला खरा फरक कानापेक्षा डाव्या हाताला आधी कळतो, कारण भाता डावा हात चालवतो.

आपली पेटी उघडून पाहिलेल्याला रीडचं वाद्य चटकन समजेल. दोन्हींत हवेच्या झोताने धातूची पाती थरथरते. मात्र पेटीत सुरातून, म्हणजे रीडमधून, हवा एकाच दिशेने जाते. अ‍ॅकॉर्डियनचा भाता उघडताना हवा आत शिरते, मिटताना बाहेर पडते आणि दोन्ही वेळा सूर वाजावा लागतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीच्या दोन बाजूंना एकेक पोलादी पाती रिव्हेटने बसवतात. ज्या पातीचं त्या वेळी काम नाही तिची फट चामड्याची पातळ पट्टी झाकते. सगळं लाकडी ठोकळ्यांवर मेण आणि राळेने चिकटवलेलं. मोठ्या वाद्यात उजवीकडे ४१ पट्ट्या असतात. रीडचे चार संच धरले तर ४१ गुणिले ४ गुणिले २, म्हणजे एकट्या उजव्या हाताला ३२८ पाती. ट्यूनिंग महाग का, हे इथेच कळतं.

यातून हाताला जे मिळतं ते मोलाचं आहे. एक सूर धरला तर भाता पुरतो, तीन धरले की हवा भराभर संपते. खर्जाची जाड पाती हलक्या दाबाला उशिरा जागी होते. कोणतीच पट्टी दाबली नाही तर भाता जागचा हलत नाही. ‘आराधना’मधल्या (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’त केरसी लॉर्ड यांचं अ‍ॅकॉर्डियन ऐका: सुरांइतकंच काम तिथे भाता करतो.

डिजिटलमध्ये भाता आहे, पाती नाहीत. २००४ साली रोलँडने व्ही-अ‍ॅकॉर्डियन आणलं, त्याची कल्पना अशी: आतला सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि त्या आकड्यावरून आवाज लहानमोठा होतो. हवा सुरांतून जात नाही, एका छिद्रातून जाते. ते छिद्र कमीजास्त करून भाता जड किंवा हलका करता येतो. तुम्ही एक सूर धरा नाहीतर पाच, हाताला ओढ तेवढीच. फक्त यावरच शिकलेला माणूस रीडच्या वाद्यावर बसला की त्याची हवा मध्येच संपते.

तरीही डिजिटलची बाजू लंगडी नाही. फ्लॅटमध्ये रात्री हेडफोन लावून रियाज करता येतो. ऑर्केस्ट्रात गायिका ऐनवेळी काळी चार सोडून पांढरी पाच म्हणाली तरी बोटं न बदलता पट्टी बदलते. कोकणच्या पावसात पोलादी पाती गंजते, चामडं वाकतं, उन्हात उभ्या गाडीत मेण मऊ पडतं. यातलं काही डिजिटलमध्ये होत नाही. वजनाचा हिशेब मात्र फसवा आहे. डाव्या हाताला १२० बटणं असलेलं रीडचं वाद्य दहा-बारा किलोंचं असतं, पण मोठी डिजिटल मॉडेलंही फारशी हलकी नाहीत.

स्टेजवर काम करणाऱ्याने डिजिटल घ्यावं, नव्याने शिकणाऱ्याने ४८ किंवा ७२ बटणांचं जुनं पण धडधाकट रीडचं वाद्य, असं माझं मत. जवळपास दुरुस्ती करणारा आहे का, ते आधी विचारा. पेटीचे सूर पितळी असतात. पेटी दुरुस्त करणाऱ्याचा पितळेवर बसलेला हात पोलादावर लगेच चालेलच असं नाही. जुनं वाद्य पाहताना भात्याचे पट्टे सोडा, कोणतीही पट्टी न दाबता उजवी बाजू वर धरा आणि डावी खाली लोंबू द्या. भाता भसकन उघडला तर कुठेतरी गळती आहे. डिजिटलला ही परीक्षा लागू नाही. तिथे हेडफोन काढून स्पीकरवर एकच सूर धरा, भाता अगदी हळू सुरू करून जोरापर्यंत न्या. आवाज पायऱ्यापायऱ्यांनी चढत असेल तर दुसरं मॉडेल मागवा.