राणी छाप रुपया : जुना कोणता, नवा कोणता?

धनत्रयोदशीला ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सराफी दुकानांत लक्ष्मी-गणपतीच्या नाण्यांशेजारी 'राणी छाप' आणि 'राजा छाप'ही मांडलेली असतात. त्यांतली बरीचशी नवी पाडलेली.

अस्सल रुपया
• वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा. चांदी 91.7 टक्के, शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम.
• राणीच्या मुखवट्याभोवती 1840 पासून 'व्हिक्टोरिया क्वीन', 1877 पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' अशी इंग्रजी अक्षरे.
• 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर. 1947 चा रुपया निकेलचा.

नवी प्रतिकृती
• खासगी टाकसाळीत पाडलेली. दर्शनी मूल्य नाही; चलन म्हणून चालत नाही.
• सहसा 10 किंवा 20 ग्रॅम वजनाची. '999' म्हणजे हजारात 999 भाग चांदी.
• किमतीत चांदीचा भाव, घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी.

अमेरिकेतला असाच प्रकार
• मॉर्गन डॉलर : 1878 ते 1904, पुन्हा 1921. वजन 26.73 ग्रॅम, चांदी 90 टक्के.
• पीस डॉलर : 1921 ते 1928, पुन्हा 1934-35. वजन आणि कस तोच.
• 2021 मध्ये सरकारी टाकसाळीनेच दोन्ही छाप पुन्हा काढले, चांदी 99.9 टक्के.
• 'सिल्व्हर ईगल' (1986 पासून) : एक ट्रॉय औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम. दर्शनी बाजूचे चित्र 1916 च्या अर्ध्या डॉलरवरून घेतलेले. दर्शनी मूल्य एक डॉलर, त्यामुळे कायदेशीर चलन.
• खासगी कंपन्यांच्या मॉर्गन छाप चकत्या मात्र चलन नव्हेत.