बंदर कुठे, शहर कुठे

सिंगापूरहून निघायचं, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून पोर्ट क्लांग, पिनांग, फुकेत करायचं आणि चार-पाच दिवसांत परतायचं, अशी क्रूझ ही कितीतरी मराठी कुटुंबांची जहाजावरची पहिली सफर असते. राहणं-खाणं तिकिटातच येतं. बंदरावर उतरून करायच्या सहलींचे पैसे मात्र बहुधा वेगळे असतात, आणि त्या बऱ्याचदा घरूनच ठरवल्या जातात. ठरवताना चर्चा होते ती ‘काय काय बघायचं’ याची. लहान मुलं बरोबर असतील तर ही सुरुवातच चुकते, असं माझं मत आहे. जहाज नेमकं कुठे लागणार आणि तिथून पहिली गंमत दिसेपर्यंत मुलाला किती वेळ नुसतं बसून राहावं लागणार, हे आधी विचारायला हवं. प्रेक्षणीय स्थळांची यादी त्यानंतर.

पोर्ट क्लांगचंच पाहा. माहितीपत्रकावर नाव असतं क्वालालंपूरचं, आणि बंदरापासून त्या शहराचा मध्यभाग असतो 40-50 किलोमीटरवर. समजा, जहाज सकाळी 8 वाजता लागलं आणि संध्याकाळी 6 वाजता सुटणार आहे. कागदावर हे दहा तास झाले. त्यातला तासभर उतरण्याच्या रांगेत आणि कागदपत्रांत जातो. जहाज सुटण्याआधी अर्धा ते एक तास सगळ्यांनी परत चढलेलं असावं लागतं. जाण्यायेण्याचे तीन तास धरा, रस्ता तुंबला तर अधिक. उरले पाच. त्यातून जेवण वजा करायचं आणि मग बातू गुंफा, पेट्रोनासचे मनोरे, मर्डेका चौक हे सगळं बसवायचं. बातू गुंफांपाशी मुरुगनची 42.7 मीटर उंचीची सोनेरी मूर्ती आहे आणि तिच्या शेजारून वर जाणाऱ्या 272 पायऱ्या 2018 साली इंद्रधनुष्यासारख्या रंगवलेल्या आहेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्या मोजत चढण्यात खरा आनंद मिळतो. चार वर्षांचं मूल मात्र पन्नासाव्या पायरीवर हात वर करतं, आणि उरलेल्या 222 पायऱ्या त्याला कडेवर घेऊन चढाव्या लागतात, तेही विषुववृत्ताजवळच्या दमट उकाड्यात, हातातला खाऊ माकडांपासून सांभाळत. म्हणून मोठी मुलं असतील तर फक्त बातू गुंफा कराव्यात आणि मनोरे रस्त्यावरून दिसतील तेवढे पाहावेत. पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्या दिवशी जहाज सोडूच नये. बहुतेक प्रवासी उतरून गेलेले असल्यामुळे पोहण्याचा तलाव मोकळा असतो, आणि त्या वयाला तलावाइतकं प्रिय दुसरं फारसं काही नसतं.

पिनांगला चित्र अगदी उलट आहे. तिथे जहाज लागतं ते स्वेटनहॅम धक्क्याला, म्हणजे थेट जॉर्ज टाउनमध्येच. 2008 साली जागतिक वारसा यादीत गेलेला शहराचा जुना भाग धक्क्याबाहेर पडल्यावर पायी गाठता येतो. पिनांगमध्ये इंग्रजांची वसाहत स्थापणारा फ्रान्सिस लाइट 1786 साली जिथे उतरला तिथे बांधलेला कॉर्नवॉलिस किल्ला जवळच आहे. पुढे आर्मेनियन स्ट्रीटवर 2012 साली अर्नेस्ट झकारेविच या चित्रकाराने भिंतीवर रंगवलेली दोन भावंडं दिसतात. भावंडं चित्रातली, पण ज्या सायकलवर ती बसली आहेत ती खरी, भिंतीला टेकवलेली. असं चित्र मुलांना समजावून सांगावं लागत नाही. ती आपणच जाऊन सायकलला हात लावतात. समुद्रात खांब रोवून त्यांवर उभी केलेली चिनी कुळांची लाकडी वस्ती, च्यू जेटी, तिथून फार लांब नाही. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसतं, पण तिथे माणसं राहतात, म्हणून आवाज बेताचा ठेवावा. भूक लागली की ‘लिटल इंडिया’त इडली-डोसा मिळतो, शाकाहारी घरांचा मोठा प्रश्न तिथे सुटतो. एक अडचण मात्र आहे. जुन्या दुकानांपुढच्या ओसऱ्यांनी ऊन लागत नाही, पण त्यांची उंची दुकानागणिक बदलते, त्यामुळे बाबागाडी ढकलणं जिकिरीचं होतं. तान्ह्या बाळाला पुढे बांधून घ्यायची झोळीच तिथे बरी. दुसरा पर्याय पिनांग हिलचा. 1923 पासून तिथे दोरावर ओढली जाणारी रेल्वे आहे आणि वर हवा गार असते. सुट्टीच्या दिवशी मात्र रांग लांबते. तेव्हा जायचंच तर सकाळी लवकर जावं. या गावात मूल थकलं तर काही मिनिटांत जहाजावर परतता येतं. कोणत्याही सहलीपेक्षा या सोयीचं मोल मला जास्त वाटतं.

कंपनीची सहल न घेता असं आपलं आपण हिंडण्यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येतो. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. आपण आपलं गेलो आणि जहाज चुकलं तर सगळा खर्च आणि धावपळ आपलीच. हे खरं आहे, आणि क्वालालंपूरसारख्या लांबच्या ठिकाणी कंपनीचीच सहल घ्यावी, असं मीही सांगेन. पण हा युक्तिवाद अंतरावर उभा आहे. जिथे जहाज नजरेच्या टप्प्यात आहे, तिथे या हमीसाठी माणशी पैसे मोजण्यात अर्थ नाही. शिवाय चाळीस जणांच्या बसमध्ये एका मुलाला शू लागली म्हणून गाडी सहजी थांबत नाही. चौघांच्या टॅक्सीत ती थांबते, आणि भाडंही माणशी नसून गाडीचं असतं.

फुकेतला खबरदारी सर्वांत जास्त हवी. तिथल्या पातोंग किनाऱ्याला मोठं जहाज बाहेर समुद्रात नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात; त्यात जाताना-येताना वेळ मोडतो. त्यात भर घड्याळाची. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत असेल तर जहाजावर 5 वाजलेले असताना फोनवर 4 दिसतात, आणि ‘अजून तास आहे’ म्हणणारं कुटुंब धक्क्यावर राहतं. उतरण्याआधी मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावावं. इथली सगळ्यांत खपणारी सहल म्हणजे स्पीडबोटीने फी फी बेटं. तिथलं माया बे पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळ मेल्यामुळे जून 2018 मध्ये बंद केलं होतं आणि जानेवारी 2022 मध्ये पुन्हा उघडलं, पण आता तिथे पोहायला बंदी आहे. उसळत्या बोटीत बराच वेळ बसून आलेल्या मुलाला समोर निळंशार पाणी असताना ‘आत जायचं नाही’ सांगायचं, हा सौदा मला पटत नाही. ऋतूचाही विचार हवा. या किनाऱ्यावर साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळी वारे असतात, म्हणजे आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीचा शेवट नेमका खवळत्या समुद्रात पडतो. 5 जुलै 2018 रोजी हवामानाचा इशारा असतानाही फुकेतजवळ समुद्रात गेलेली ‘फिनिक्स’ ही बोट बुडाली आणि 47 जणांचा जीव गेला. त्या महिन्यांत मुलांना घेऊन स्पीडबोटीची सहल करू नये. कोरड्या मोसमात करायची असेल तर मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारावं. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगावरून पाण्यात निसटतं.

‘एवढा खर्च करून जायचं, पुन्हा कधी येणार, मग सगळं नको का बघायला?’ हा आक्षेप सगळ्यांत मनापासूनचा असतो, आणि तो आजी-आजोबांच्या तोंडून आला तर त्याला वजनही असतं. मोठ्यांनीही पैसे भरलेले असतात, त्यांनी मुलांसाठी पेट्रोनास का सोडावं? त्यांनी सोडू नये. सगळ्यांनी एकत्रच हिंडलं पाहिजे, हा हट्ट मात्र सोडावा. एका बंदरावर आजी-आजोबा आणि आई शहर पाहून येतील, बाबा मुलांबरोबर थांबतील. पुढच्या बंदरावर अदलाबदल. मुलांना लहानपणीचं काही आठवत नाही, म्हणून त्यांचा विचार कशाला, असंही म्हणतात. पण रडून दमलेलं मूल सांभाळत पाहिलेले मनोरे मोठ्यांच्या तरी काय लक्षात राहणार?

हाच हिशेब मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझलाही लागू आहे. जहाज लागतं ते मुरगावला, वास्कोजवळ, आणि कळंगुट तिथून रस्त्याने 40 किलोमीटरच्या आसपास आहे. बोगमाळोचा किनारा मात्र अगदी थोड्या अंतरावर आहे, आणि त्याच वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, जिथे सुपर कॉन्स्टेलेशनसारखं प्रचंड विमान मुलांना जवळून पाहता येतं. सोमवारी ते बंद असतं, तेवढं आधी पाहून घ्या.