वायगावची हळद, उंदराची लाळ आणि आतड्यातले निरोप

मोठ्या आतड्याच्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. त्यांना येऊन चिकटणारा रेणू म्हणजे लिगँड. तो चिकटला की पेशीला निरोप पोचतो: वाढ, थांब किंवा मर. या निरोपांत घोळ झाला की कॅन्सरला वाट मिळते. या निरोपांच्या आणि या कॅन्सरच्या नऊ चटकदार गोष्टी, थेट वर्ध्यापर्यंत पोचणाऱ्या!

१. आठवड्याच्या आत नवं अस्तर
आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. हे काम करणाऱ्या मूळपेशी एलजीआर५ नावाच्या रिसेप्टरवरून ओळखता येतात, हे नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं २००७ मध्ये दाखवलं. इतकी झपाट्याची वाढ जिथे रोजचीच, तिथे एक चूकही महागात पडते.

२. बिनपंखांची माशी, दिल्लीची
१९७० च्या दशकात आर. पी. शर्मा यांना दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत पंख नसलेली फळमाशी सापडली. तिच्यातल्या त्या जनुकाचे भाऊबंद माणसातही निघाले. ते बनवतात ते डब्ल्यूएनटी लिगँड, आतड्याच्या पेशींना ‘वाढा’ म्हणून सांगणारे! एरवी हा निरोप आवरतं एपीसी जनुक. मोठ्या आतड्याच्या सुमारे ८० टक्के कॅन्सरमध्ये नेमकं तेच बिघडलेलं असतं.

३. लाळेतून नोबेल
स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला. एरवी बारा-चौदा दिवसांनी उघडणारे डोळे सातव्या दिवशीच उघडले! त्या अर्कात होता ईजीएफ, पेशींना ‘वाढा’ म्हणणारा अवघ्या ५३ अमिनो आम्लांचा लिगँड. १९८६ चं नोबेल त्यांना रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत मिळालं.

४. वायर चिकटली तर?
ईजीएफचा रिसेप्टर झाकून टाकणारं सेटुक्सिमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालं. पण सुमारे ४० टक्के रुग्णांच्या गाठीत हा निरोप पेशीच्या आत पोचवणारं केरास जनुक बदललेलं असतं. दारावरच्या घंटेची वायरच आत चिकटली, तर बटण झाकून काय होणार? घंटा वाजतच राहते. म्हणून हे महागडं औषध सुरू करण्याआधी गाठीच्या तुकड्याची ‘रास’ (केरास आणि त्याचे भाऊबंद) तपासणी करतात.

५. पुरळ उठलं की आशा वाढते
हाच रिसेप्टर त्वचेतही असतो. त्यामुळे सेटुक्सिमॅब घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, छातीवर मुरमांसारखं पुरळ उठतं. गंमत अशी, की ज्यांना ते जास्त उठतं त्यांना औषधाचा गुणही बहुधा चांगला येतो. मात्र उन्हानं ते चिघळतं. वर्ध्याच्या मे महिन्यात अशा रुग्णानं दुपट्टा बांधल्याशिवाय दाराबाहेर पडू नये.

६. निरोप नाही आला तर मरण
डीसीसी नावाच्या रिसेप्टरची तऱ्हाच उलटी. त्याचा लिगँड, नेट्रिन, मिळाला नाही तर तो पेशीला मरायला लावतो. भलतीकडे वाढू पाहणारी पेशी त्यामुळे आपोआप संपते. मोठ्या आतड्याच्या अनेक कॅन्सरमध्ये हा पहारेकरीच गायब असतो.

७. वायगावची हळद
समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या कॅन्सरपेशींवरचे ईजीएफचे रिसेप्टर कमी करतं. पण पोटातून ते रक्तात फारच थोडं उतरतं आणि कॅन्सरवरचा उपचार म्हणून ते सिद्ध झालेलं नाही. वरणात हळद हवीच, पण केमो बंद करून हळदीचं पाणी घेणं जिवावर बेतेल.

८. भाकरीतून बनणारा लिगँड
ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी यांतला न पचणारा चोथा आतड्यातले जीवाणू खातात आणि ब्युटिरेट बनवतात. जीपीआर१०९ए या रिसेप्टरला ते चिकटलं की सूज कमी होते, बिघडलेल्या पेशी मरणाच्या वाटेला लागतात. कॅन्सरच्या गाठी बरेचदा हा रिसेप्टरच बंद पाडतात. म्हणजे चोथ्याचं खरं काम गाठ होण्याआधीचं!

९. सेवाग्रामची वही
सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभ्या केलेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये वर्धा जिल्ह्याची कॅन्सर नोंदणी चालते. आर्वीचा रुग्ण नागपुरात उपचार घेत असला, तरी नोंद वर्ध्याच्याच खात्यात. इथे तोंडाचा आणि स्तनाचा कॅन्सर पुढे आहे, मोठ्या आतड्याचा बराच मागे.

मागे आहे म्हणून गाफील राहू नका. शौचातून रक्त, बदललेली शौचाची सवय, कारण नसताना घटलेलं वजन किंवा उतरलेलं हिमोग्लोबिन दिसलं, तर मूळव्याध समजून चूर्णावर महिने काढू नका. दुर्बिणीनं तपासून घ्या. साधा पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा कोंब, असेल, तर तो बहुधा त्याच तपासणीत काढता येतो. कॅन्सर निघालाच, तर डॉक्टरांना धीटपणे विचारा: ‘रासचा रिपोर्ट काय आला?’ महागडं इंजेक्शन लागू पडायची शक्यता आहे की नाही, हे त्या एका कागदावरून कळतं.